वत्सगुल्माचा विहारभद्र

राज्य बुडालें, कीं तें कोणी बुडविलें असा प्रश्न निघतो; आणि लोकांचें बोट सहसा सिंहासनाकडे न जातां सिंहासनाच्या आड उभ्या असलेल्या माणसाकडे वळतें. चीनच्या इतिहासांत हा माणूस बहुधा अंतःपुरांतील षंढ सेवक असतो. भारतीय कथांत तो हंसविणारा, गाण्याबजावण्यांत रमणारा, राजाचा लहानपणापासूनचा सोबती असतो. अशा एका सोबत्याचें अत्यंत जिवंत चित्र दंडी नांवाच्या कवीनें संस्कृत गद्यांत सातव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास रेखाटलें. तें ज्या दरबाराचें आहे असें मानण्यास बरींच कारणें आहेत, तो दरबार वऱ्हाडांतील वाशिम येथें भरत असे. त्या सोबत्याचें नांव विहारभद्र.

वाशिमचें जुनें नांव वत्सगुल्म. अकोला जिल्ह्यांतून वेगळा होऊन १९९८ सालीं वाशिम जिल्हा झाला, तेव्हां कित्येकांना या गांवाचें नांव नव्यानें कळलें; पण दीड हजार वर्षांपूर्वी तें एका मोठ्या राज्याची राजधानी होतें. वाकाटक घराण्यांतील पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन यानें चौथ्या शतकांत येथें आपली शाखा स्थापिली. हा राजा स्वतः कवि होता. त्याचें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य आज लुप्त झालें आहे, तरी साहित्यशास्त्रकारांनीं त्यांतील वेंचे राखून ठेविले आहेत. वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ असें जें प्राकृत नांव मिळालें तें याच वत्सगुल्मावरून. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशिम येथेंच सांपडला. राज्यारोहणाच्या ३७ व्या वर्षीं वत्सगुल्माहून दिलेली, नांदेडकडील एका गांवाच्या दानाची ही सनद कांहीं संस्कृतांत व कांहीं प्राकृतांत आहे, आणि दान घेणारे ब्राह्मण अथर्ववेदी आहेत. पुढें वाशिमच्या परिसरांतच हिस्से-बोराळा येथें एक शिलालेख मिळाला. त्यांत शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८, हें वर्ष कोरलेलें असून, देवसेन राजाच्या कारकीर्दींत स्वामिल्लदेव नांवाच्या अधिकाऱ्यानें ‘सुदर्शन’ नांवाचा जलाशय बांधल्याची नोंद आहे. या देवसेनाचा पुत्र हरिषेण. अजिंठ्याचें १६ वें लेणें ज्यानें कोरविलें तो वराहदेव हरिषेणाचा सचिव. त्या लेण्यांतील लेखांत कुंतल, अवंति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र अशी प्रदेशांची मालिका हरिषेणाच्या नांवाशीं जोडली आहे.

हरिषेणानंतर मात्र शांतता. त्याच्या मुलाचा एक ताम्रपट नाहीं, एक शिलालेख नाहीं. नर्मदेपासून कुंतलापर्यंत ज्याचा दरारा, त्याचें राज्य एका पिढींत नाहींसें व्हावें आणि तें कसें गेलें हें दगडानें किंवा तांब्यानें सांगूं नये, ही गोष्ट महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांना अस्वस्थ करीत होती. त्यांना उत्तर मिळालें तें कथेंत. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’च्या आठव्या उच्छ्वासांत विदर्भाच्या एका राज्याचा नाश सविस्तर वर्णिला आहे. त्यांतील पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि त्याचा पुत्र अनंतवर्मा म्हणजे ज्याचें खरें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं असा हरिषेणाचा वारस, असें मिराशींनीं प्रतिपादन केलें. दंडी कांचीच्या पल्लवांच्या आश्रयाचा. परंतु त्याचे पूर्वज अचलपुरीं राहत होते असें ‘अवंतिसुंदरीकथे’वरून दिसतें, आणि तें अचलपूर म्हणजे वऱ्हाडांतील एलिचपूर असें मानणारे विद्वान आहेत. तसें असेल तर आजोबापणजोबांच्या तोंडून आलेली आठवण त्याच्या कानीं पडली असणें अगदीं संभवनीय आहे.

कथा अशी. विश्रुत नांवाचा राजकुमार विंध्यारण्यांतून जात असतां त्याला विहिरीच्या कांठीं आठ वर्षांचा एक मुलगा तहानेनें व भुकेनें व्याकूळ झालेला आढळतो. त्याच्यासाठीं पाणी काढतांना त्याच्याबरोबरचा म्हातारा विहिरींत पडला आहे. विश्रुत वेलीच्या आधारानें म्हाताऱ्याला वर काढतो, वेळूच्या नळीनें पाणी पाजतो, उंच झाडावरचीं फळें दगडांनीं पाडून मुलाला खाऊं घालतो. मग म्हातारा सांगूं लागतो. पुण्यवर्मा सर्व गुणांनीं युक्त होता. त्याचा मुलगा अनंतवर्मा हाही बुद्धीनें मंद नव्हता. कला त्याला येत होत्या, काव्य कळत होतें. दंडनीतीकडे मात्र त्याचें लक्ष नव्हतें. बापाच्या वेळचा वृद्ध अमात्य वसुरक्षित यानें त्याला एकान्तांत बजावलें, कीं शास्त्रानें न तावलेली बुद्धि अग्नींत न घातलेल्या सोन्यासारखी असते. ती झळाळत नाहीं. राजानें मान डोलविली, ‘योग्य सांगितलें’ म्हणाला, आणि उठून अंतःपुरांत गेला. तेथें स्त्रियांपुढें तो उपदेश त्यानें सहज सांगितला. जवळच विहारभद्र बसला होता.

हा विहारभद्र राजाच्या कुमारवयापासून त्याची सेवा करीत आलेला. गाणें, नाचणें, वाजविणें यांत तयार, जिभेला लगाम नाहीं, दुसऱ्याचें वर्म नेमकें शोधून काढणारा, चहाडींत पंडित, आणि मंत्रिमंडळाकडूनसुद्धां लांच उकळणारा. अशा माणसानें धाकदपटशानें कांहीं करण्याचें कारणच नव्हतें. तो हंसला आणि बोलूं लागला.

त्याचें तें भाषण हा या प्रकरणाचा प्राण आहे, आणि दंडीनें तें भाषण अत्यंत खुबीनें रचलें आहे. दैवानें एखाद्याला संपत्ति दिली, कीं धूर्त लोक त्याला मोठ्या लाभाची आशा दाखवून पिडतात, येथून तो सुरुवात करतो. कोणी परलोकाचें सुख सांगून त्याचें डोकें मुंडवितात, कमरेला दर्भाची दोरी आणि अंगावर कातडें घालून त्याला उपाशी निजवितात. कोणी सांगतात, कीं आमच्या वाटेनें चाल, कवडीचे लाख करून देतों. ही वाट कोणती? तर दंडनीति. आचार्य विष्णुगुप्तानें ती मौर्यासाठीं सहा हजार श्लोकांत संक्षेपून ठेविली आहे, तेवढी शिकली कीं झालें! पण तें शास्त्र इतर शास्त्रांना चिकटलेलें. सगळें वाङ्मय वाचल्यावांचून तें कळावयाचें नाहीं. आणि कळलें म्हणजे त्याचें पहिलें फळ कोणतें? बायकोमुलांवरही विश्वास ठेवावयाचा नाहीं. स्वतःच्या पोटाला इतका भात, आणि त्याला इतकेंच सरपण, असा हिशेब मांडीत बसावयाचें.

यानंतर विहारभद्र कौटिल्यानें आंखून दिलेला राजाचा दिनक्रम हातीं घेतो आणि त्याचा एकेक प्रहर सोलून काढतो. पहाटे उठून तोंड धुतलें न धुतलें तोंच जमाखर्च ऐकावयाचा. तो ऐकत असतांनाच अधिकारी दुप्पट गिळतात, कारण चाणक्यानें अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले असले तरी त्यांना स्वतःच्या बुद्धीनें हजारों सुचतात. दुसऱ्या भागांत प्रजेचीं भांडणें ऐकून कान भाजून घ्यावयाचे. न्यायाधीश वाटेल त्याला जिंकवितात, पैसा त्यांना आणि अपकीर्ति राजाला. तिसऱ्या भागांत भोजन, आणि तें पचेपर्यंत विषाची धास्ती. पुढें मंत्रचिंता: मंत्री तटस्थपणाचा आव आणून आंतून एक झालेले, गुणाचे दोष आणि दोषाचे गुण करून दाखविणारे. स्वैर विहाराला म्हणून जो वेळ आंखलेला, तो जेमतेम पावणेचार घटिका. रात्रीं हेर, मग वेदपाठकाप्रमाणें अध्ययन, मग वाद्यांच्या घोषांत निद्रा. आणि इतक्या चिंतेनें पोखरलेल्या माणसाला झोंप ती कोठून येणार? पहांटे दूत पाठवावयाचे, ते दोन्हीं बाजूंकडून पैसे खाणार व जकात चुकवून व्यापारही करणार. शेवटीं पुरोहित येऊन म्हणणार, स्वप्न वाईट पडलें, ग्रह वक्र आहेत, शांति केली पाहिजे, आणि तिचीं सर्व पात्रें सोन्याचीं हवींत.

आणि ज्या आचार्यांनीं हीं शास्त्रें लिहिलीं, त्या शुक्र, आंगिरस, पराशरांनीं स्वतः षड्रिपु जिंकले होते काय? शास्त्र शिकलेले लोक न शिकलेल्यांकडून फसतांना रोज दिसतात. मग देवा, आपल्याला रूप आहे, तारुण्य आहे, अमाप संपत्ति आहे. राज्याचा भार विश्वासू माणसांवर टाकावा आणि सुखानें राहावें. एवढें बोलून तो जमिनीवर लोटांगण घालतो. अंतःपुरांतील स्त्रिया मोठ्यानें हंसतात. राजाही हंसतो आणि म्हणतो, उठा, हितोपदेश करणारे तर तुम्ही. गुरूंनीं असें पायां पडावयाचें असतें काय?

सबंध राज्य या हंशांत बुडालें. तेथें कट नव्हता, विषप्रयोग नव्हता, घाव नव्हता. आणि विहारभद्र जें बोलला त्यांत खोटें असें थोडेंच होतें! अधिकारी पैसे खात होते, न्यायाधीश निकाल विकत होते, पुरोहित सोन्याची पात्रें मागत होते. आपल्या काळच्या कारभाराचें इतकें झणझणीत वर्णन कोणत्याही सज्जन अमात्यानें केलेलें नाहीं. दंडीनें सारें चातुर्य खलपुरुषाच्या पदरांत टाकलें आणि भल्या वसुरक्षिताला दोन सुभाषितांवर समाधान मानावयास लाविलें, हा त्याचा मोठा धीटपणा होय. खोट निदानांत नसून उपायांत होती. अधिकारी चोर आहेत, म्हणून त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवावें, असें निष्पन्न व्हावयाचें, त्याऐवजीं सारें त्यांच्याच हवालीं करून मोकळें व्हावें, असें निष्पन्न झालें. ज्याचा हप्ता त्या मंत्र्यांकडून येत होता त्यानें तें निष्पन्न केलें, ही गोष्ट मात्र हंसतांना कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

वसुरक्षितानेंही आपल्या परीनें चूकच केली. राजा आपल्याकडे पाहून हंसत नाहीं, मनांतलें सांगत नाहीं, आपल्या वैऱ्यांना जवळ करतो, अशा उपेक्षेच्या खुणा त्यानें बारकाईनें मोजल्या. आणि बापजाद्यांपासूनचें सेवकाचें नातें सोडवत नाहीं म्हणून तो दरबारांत राहिला, पण मुक्यासारखा.

येथें अजिंठ्याकडे पुन्हा वळणें अवश्य आहे. वराहदेवाच्या त्याच लेखांत हरिषेणाचा पिता देवसेन याच्याविषयीं असें म्हटलें आहे, कीं हस्तिभोजासारखा गुणी सचिव लाभल्यामुळें राज्यभार त्याच्यावर सोंपवून राजा सुखोपभोगांत मग्न झाला. तेथें ती स्तुति आहे. हस्तिभोज हा वराहदेवाचाच पिता, तेव्हां त्या स्तुतींत कुलाभिमानाचा अंश असेल. तरी विहारभद्रानें जो सल्ला दिला तो या घराण्यांत नवा नव्हता, हें उघड आहे. आजोबानें तेंच केलें आणि त्याच्या राज्यांत तळीं खोदलीं गेलीं. नातवानें केलें आणि राज्य गेलें. आजोबाच्या शेजारीं हस्तिभोज होता, नातवाच्या शेजारीं विहारभद्र.

उघडें दार पाहून चोर यावा त्याप्रमाणें आतां चंद्रपालित येतो. हा अश्मक देशाच्या वसंतभानु राजाच्या मंत्र्याचा मुलगा. अश्मक म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यांतला विदर्भाचा शेजारी व मांडलिक. दुर्वर्तनामुळें बापानें हांकलून दिलें असा बहाणा करून तो गवई, नर्तकी आणि वेष पालटलेले हेर यांचा तांडा घेऊन आला. त्यानें प्रथम विहारभद्राशीं मैत्री केली आणि त्याच्या हातानें राजाला गांठलें. विहारभद्र आळस शिकवीत होता. चंद्रपालितानें व्यसनांना शास्त्राचें रूप दिलें. शिकारीनें पायांना बळ येतें, मेद झडतो, भूक लागते, पिकें खाणारीं जनावरें मरतात, वाटा निर्भय होतात, रानटी टोळ्यांवर वचक बसतो. द्यूतानें द्रव्य तृणवत् मानण्याची सवय लागते. मद्यानें तारुण्य टिकतें. राजाचे कठोर शब्द आणि कठोर शिक्षासुद्धां त्यानें गुणांत बसविल्या. राजा म्हणजे कांहीं मुनि नव्हे, असें त्याचें म्हणणें. राजा तसा वागूं लागला, आणि प्रजाही. सगळेच सारखे बिघडल्यामुळें कोणी कोणाचा दोष काढीना. जो ज्या अधिकारावर, तो त्याचें उत्पन्न खाऊं लागला.

मग अश्मकांचे हेर पुढें सरसावले. शूर शिपायांना शिकारीच्या मिषानें वाळलेल्या गवताच्या दऱ्यांत नेऊन आग लावणें, तहानेलेल्यांना खोट्या विहिरींकडे नेणें, अशा उपायांनीं त्यांनीं सैन्य पोंखरलें. वसंतभानूनें वनवासीच्या भानुवर्म्याला विदर्भावर उठविलें आणि स्वतः मात्र मदतीचा देखावा करीत सर्वांआधीं अनंतवर्म्याच्या छावणींत दाखल झाला. नर्मदेच्या तीरावर मांडलिक जमले. तेथें कुंतलपतीच्या पदरच्या नर्तकीवर राजाचें मन गेलें. तिची स्तुति करून तें घालविणारा चंद्रपालितच. अपमान झालेला कुंतलपति, ऋषिक, कोंकण, नासिक्य इत्यादि ठिकाणचे सामंत, सर्व वसंतभानूच्या मसलतींत सामील झाले. पुढून वनवासीचें सैन्य, मागून आपलेच मांडलिक. अनंतवर्मा मारला गेला. लुटीची वांटणी तुम्हीच आपापसांत करा, असें औदार्य वसंतभानूनें दाखविलें. ते भांडून मेले आणि विदर्भ त्याच्या घशांत गेला.

अशा माणसांचा मोठा कारखानाच चीनच्या दरबारीं होता. कौटिल्यानेंही राजाच्या दुसऱ्या दालनांत वर्षवर, म्हणजे षंढ सेवक, नेमले आहेत. पण ते पहारेकरी. महाराष्ट्रानें प्रत्यक्ष पाहिलेला सत्ताधारी षंढ म्हणजे मलिक काफूर. १३०७ सालीं देवगिरीवर चालून येऊन त्यानें रामदेवरावाला दिल्लीस नेलें. अल्लाउद्दीन खिलजीच्या मृत्यूनंतर १३१६ सालीं त्यानें राजपुत्रांचे डोळे काढविले, एका लहान मुलाला तख्तावर बसविलें आणि थोड्याच दिवसांत तो स्वतः मारला गेला. चीनमध्यें मात्र षंढांचें कामच राज्याच्या मध्यभागीं आलें. ज्याला घर नाहीं, मुलें नाहींत, तो आपल्याखेरीज कोणाचा होणार नाहीं, असा सम्राटांचा हिशेब. मिंग घराण्याचा झेंगदे सम्राट १५०५ सालीं गादीवर आला तेव्हां तो तेरा वर्षांचा होता. त्याच्या युवराजपणापासून सेवेंत असलेला लिउ जिन आणि त्याचे सात सोबती यांना लोक ‘आठ वाघ’ म्हणत. खेळ, शिकार, नाचगाणें यांत त्यांनीं पोरसवदा सम्राटाला गुंतविलें. १५०६ सालीं वृद्ध महासचिवांनीं त्यांना दूर करण्याचा हट्ट धरला, तेव्हां दूर व्हावें लागलें तें त्या वृद्धांनाच. विहारभद्र, वसुरक्षित आणि अनंतवर्मा, तिघेही येथें ओळखूं येतात.

पण या वाघांपैकींच एकानें लिउ जिनला खालीं ओढलें. त्याचें नांव झांग योंग. १५१० सालीं आन्ह्वाच्या राजपुत्राचें बंड मोडण्यास तो यांग यीचिंग या मुत्सद्द्याबरोबर गेला. त्याच्या सांगण्यावरून परत येतांच त्यानें सम्राटापुढें लिउ जिनवर राजद्रोहाचा आरोप ठेविला, आणि लिउ जिनचे तुकडे तुकडे करण्यांत आले. पुढें वांग यांगमिंग हा तत्त्वज्ञ सेनापति दरबारी मत्सरामुळें संकटांत सांपडला असतां त्याच्या बाजूनें उभा राहणाराही झांग योंगच. इतकें असून २०१५ सालीं निघालेल्या ‘असॅसिन्स क्रीड क्रॉनिकल्स : चायना’ या व्हिडिओ गेममध्यें आठ वाघांचा म्होरक्या, निर्दय खुनी, मंगोल सैन्याला चीनच्या भिंतींतून वाट करून देणारा देशद्रोही म्हणून जो रंगविला आहे तो झांग योंग! त्याला मारणारी नायिका शाओ जुन काल्पनिक. तो मात्र खरा. घरोघरचीं मुलें आज त्या मिंग दरबारीला ओळखतात तीं बोटांनीं त्याचा वध करून. खेळ रचणाऱ्यांना खलपुरुष हवा होता, आणि षंढ या शब्दानेंच त्यांचें अर्धें काम झालें. शिवाय मिंग दरबाराचा जो अधिकृत इतिहास १७३९ सालीं पुरा झाला, तोही विद्वान अधिकाऱ्यांनीं लिहिलेला. षंढांचे परंपरागत प्रतिस्पर्धी तेच.

विहारभद्राचें काय? त्या नांवाचा कोणी वत्सगुल्मीं होता असें कोणताही लेख सांगत नाहीं. कथेंतील पुण्यवर्मा भोजवंशाचें भूषण म्हटला आहे, वाकाटक नव्हे. या व इतर कारणांनीं सर्व विद्वानांना मिराशींचें मत पटलेलें नाहीं. उलट वॉल्टर स्पिंक या अमेरिकन संशोधकानें अजिंठ्याचें सबंध कालमापन या कथेच्या आधारानें मांडलें. लेण्यांचें काम अर्धवट सोडलेलें दिसतें, आणि २६ व्या लेण्यांतील लेखांत वाकाटकांऐवजीं बलाढ्य अश्मक राजाचा मंत्री भव्विराज याचा गौरव आहे, हें खरें. अश्मकांचा उदय कथेंतही आहे आणि दगडांतही. पण उदय सिद्ध झाला म्हणून विहारभद्र सिद्ध होत नाहीं. सोबत्यांच्या नांवानें ताम्रपट निघत नसतात. अनंतवर्म्याच्या आजोळच्या किंवा वसुरक्षिताच्या पक्षाच्या लोकांनीं राजाचा दोष नोकरावर ढकलून ही गोष्ट पुढच्या पिढ्यांना दिली असेल, हाही संभव आहे. फक्त दंडीनें त्यांना पुरतें यशस्वी होऊं दिलें नाहीं. कथेंत चूक करतो तो राजाच, आणि ती हंसत हंसत करतो.

विहारभद्राचा शेवट दंडी वर्णीत नाहीं. लढाईनंतर तो त्याच्याकडे वळूनही पाहत नाहीं. वसुरक्षित राणी वसुंधरा, राजकन्या मंजुवादिनी आणि बाल भास्करवर्मा यांना घेऊन निघाला आणि वाटेंत तापानें मेला. राणीनें माहिष्मतीस सावत्र दिराचा आसरा घेतला. तोही मुलाच्या जिवावर उठला, म्हणून तिनें त्याला म्हाताऱ्याबरोबर रानांत धाडलें. विहिरीच्या कांठचा तो मुलगा हाच. विश्रुत युक्तीनें त्याच्या वैऱ्यांना दूर करतो, त्याला देवीच्या मंदिरांतून देवीचाच पुत्र म्हणून लोकांपुढें आणतो, मंजुवादिनीशीं विवाह करतो. मग तो त्या मुलाचें मुंडन करवितो, पुरोहिताकडून त्याची मुंज लावतो, त्याला नीतिशास्त्र शिकवावयास बसवितो, आणि तो शिकत आहे तोंवर राज्यकारभार स्वतः पाहूं लागतो. वसंतभानूवर चढाई अद्याप व्हावयाची आहे. दंडीचा ग्रंथ त्याच्या आधींच तुटतो; पुढचा भाग मागाहून दुसऱ्या हातांनीं जोडलेला आहे.